सुरू होण्याआधी ‘नाही’ म्हणणारा सर्व्हर

भिवंडी तालुक्यात सर्व्हर कधी बंद होऊन पुन्हा सुरू होईल, हे पुष्कळदा माणूस ठरवत नाही, वीज ठरवते. मानकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळच्या गोदामांत मालाची आवक-जावक टिपणारा सर्व्हर असो, यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीतला बिलांचा सर्व्हर असो किंवा दिघाशीसारख्या गावातल्या एखाद्या दुकानामागे कोपऱ्यात ठेवलेला संगणक असो, क्रम ठरलेला असतो. वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, वीज येते आणि मशीन पुन्हा उठते. चालू असलेला प्रोग्राम सुरू होताना घेतलेले रनटाइम आणि सेटिंग मेमरीत धरून बसलेला असतो. दरम्यान कोणी डिस्कवर नवी आवृत्ती टाकली किंवा कॉन्फिग फाइलीत एखादी ओळ बदलली, तर तिचा परिणाम पुढच्या सुरुवातीलाच कळतो. सहा महिन्यांपूर्वीच्या बदलाचा निकाल म्हणून एखाद्या पहाटे अडीच वाजता लागतो.

त्या क्षणी सर्व्हरने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. आपण ज्या रनटाइमवर उभे आहोत त्याची आवृत्ती, आपल्याला दिलेली सेटिंग आणि आपल्या ताब्यातला डेटा एकमेकांशी जुळतात का, हे सुरुवातीलाच तपासावे का? न जुळल्यास लॉगमध्ये इशारा लिहून पुढे जावे की सुरू व्हायलाच नकार द्यावा? गेल्या वीस वर्षांत वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. इशारा वाचायला माणूस लागतो आणि तो माणूस मोठ्या कंपनीत असतो, गोदामात नसतो. तरी बहुतेक सर्व्हर सॉफ्टवेअरची रचना तो असल्याचे धरूनच झालेली आहे.

आवृत्ती: पहिल्या चार बाइटांनंतरचा आकडा

रनटाइमच्या तपासणीचे जुने आणि चांगले उदाहरण जावाचे. जावात बांधलेल्या प्रत्येक क्लास फाइलीत ओळखीच्या पहिल्या चार बाइटांनंतर आवृत्तीचा आकडा असतो. जावा ८ साठी तो ५२, जावा ११ साठी ५५ आणि जावा १७ साठी ६१ आहे. जावा ८ च्या यंत्राला ५५ आकड्याची फाइल दिली तर ते ती उघडत नाही. ही फाइल नव्या जावाने बांधली आहे आणि मला ५२ पर्यंतच कळते, असे ते स्पष्ट सांगते. काय सापडले आणि काय चालले असते, दोन्ही एका वाक्यात मिळते.

पण या पहारेकऱ्याची एक मर्यादा आहे. जावा सगळे क्लास सुरुवातीला उघडत नाही, लागतील तसे उघडते. मुख्य प्रोग्राम जुन्या आकड्याचा आणि एखादी लायब्ररी नव्या आकड्याची असेल, तर सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, दिवसभर चालतो आणि रात्री अहवाल काढण्याच्या वेळी कोसळतो. सुरुवात निर्विघ्न झाली, याचा अर्थ सगळे जुळले असा होत नाही.

टॉमकॅट १० या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये याहून अवघड प्रकार दिसतो. जावाचा एंटरप्राइझ भाग ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजांची नावे ‘जकार्ता’ झाली. जुन्या नावांवर लिहिलेले ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर ठेवले, तर अनेकदा सर्व्हर कुरकुर न करता सुरू होतो. आत ॲनोटेशनने नोंदवलेली पाने मात्र त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. वापरणाऱ्याला ४०४ दिसते आणि तो बिचारा पत्ता चुकला असेल म्हणून पुन्हा टाइप करत बसतो. आवृत्तीचा आकडा कोणी विचारलाच नाही, म्हणून कोणी नकारही दिला नाही.

पीएचपीच्या जगात हा प्रश्न २०२० मध्ये आलेल्या कंपोझर २ या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने बऱ्यापैकी सोडवला. सगळ्या लायब्रऱ्यांना मिळून किमान कोणते पीएचपी लागते याचा हिशोब करून तो एक छोटी तपासणी फाइल तयार करतो. ती सर्वांत आधी चालते आणि आवृत्ती कमी असेल तर तिथेच थांबवते. नोडच्या जगात मात्र पॅकेजमध्ये लिहिलेली आवृत्तीची अट मुळात सल्ल्यापुरतीच असते. ती सक्तीची करायची तर वेगळी सेटिंग लावावी लागते.

आकडा वाचण्यातले घोटाळे

आवृत्ती तपासणे सोपे वाटते आणि तिथेच फसगत होते. पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा आवृत्ती अक्षरांची माळ म्हणून वाचणारे अनेक प्रोग्राम गोंधळले. अक्षरांच्या हिशोबाने ‘३.१०’ हे ‘३.९’ च्या आधी येते. काही जण तर पहिली तीनच अक्षरे घेत असत, त्यांना ‘३.१’ दिसले. नवे रनटाइम जुने समजून नाकारले गेले.

२०१७ मध्ये जावा ९ ने आवृत्ती लिहायची पद्धत बदलली. तोवर जावा ८ स्वतःला ‘१.८’ म्हणवत असे, तर जावा ९ सरळ ‘९’ म्हणू लागले. ‘१.’ नंतरचा आकडा उचलणारे प्रोग्राम अडखळले. लिनक्सने जुलै २०११ मध्ये २.६ वरून थेट ३.० वर उडी घेतली, तेव्हा तर कर्नेललाच तोडगा काढावा लागला. जुन्या प्रोग्रामसाठी त्याने आपली आवृत्ती २.६.४० च्या घरातली असल्याचे सांगण्याची सोय ठेवली. विंडोज ९५ प्रत्यक्षात ४.० होते, पण जुन्या प्रोग्रामांना ते ३.९५ असल्याचे सांगे. कारण कित्येक प्रोग्राम दशांशानंतरचा आकडा १० किंवा जास्त आहे का, हे वेगळे तपासत आणि ४.० त्यात नापास होई.

या सगळ्यांतून निघणारा धडा एकच. चुकीची तपासणी पुढे रनटाइमलाच खोटे बोलायला लावते आणि मग त्या आकड्यावर कोणाचाच भरवसा उरत नाही. म्हणून अनुभवी लोक दोन पथ्ये पाळतात. आकड्यांची तुलना आकडे म्हणूनच करायची आणि शक्य तिथे आकडा न विचारता क्षमता विचारायची. हवी ती सोय या रनटाइममध्ये आहे का, हे थेट करून पाहायचे. कमाल आवृत्तीची अट तर फार जपून घालावी. ‘याच्यापुढचे चालणार नाही’ असे आज लिहिणाऱ्याला उद्याचे रनटाइम ठाऊक नसते.

पायथनमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रोग्राम चालण्याआधी अख्खी फाइल वाचून तिचे व्याकरण तपासले जाते. त्यामुळे आवृत्ती तपासणारी ओळ नव्या व्याकरणाच्या फाइलीतच लिहिली, तर जुने पायथन त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. वापरणाऱ्याला समजावणीच्या संदेशाऐवजी व्याकरणाची चूक दिसते. पहारेकरी जुन्यात जुन्या रनटाइमलाही समजेल अशा भाषेत लिहिलेला आणि वेगळ्या फाइलीत असला पाहिजे.

डेटा कोणाच्या हातचा

प्रोग्राम बदलता येतो, डेटा परत मिळत नाही. म्हणून डेटाबेस सर्व्हर या बाबतीत सगळ्यांत कडक आहेत. पोस्टग्रेस सुरू होताना डेटाच्या फोल्डरमधली एक छोटी मजकूर फाइल वाचते. तीत फक्त मुख्य आवृत्ती लिहिलेली असते. फोल्डर १२ ने तयार केलेला आणि सर्व्हर १३ चा असेल, तर फाइली जुळत नाहीत असे सांगून ती बंद होते. रूट वापरकर्त्याने चालवले तरी ती सुरू होत नाही आणि डेटाचा फोल्डर इतरांना उघडा असला तरीही नाही. ‘आधी सुरू हो, मग बघू’ हा पर्याय तिने ठेवलेलाच नाही. कडकपणाचे मोल इथे सगळ्यांना पटते, कारण चुकीच्या आवृत्तीने लिहिलेली एक नोंदही पुढचा बॅकअप बिघडवू शकते.

मायएसक्यूएल ८.० एप्रिल २०१८ मध्ये आले. तक्त्यांच्या नावांत लहान-मोठी अक्षरे कशी धरायची, ही सेटिंग त्यात डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच कायमची ठरते. नंतर कोणी ती बदलली, तर सर्व्हरची सेटिंग आणि डेटातली नोंद वेगळी आहे असे सांगून सर्व्हर थांबतो. ही अट छोट्या कचेऱ्यांना वारंवार भेटते, कारण या सेटिंगचे मूळ मूल्य विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरे आहे. विंडोजवरचा जुना डेटाबेस लिनक्सच्या मशीनवर नेताना पहिली ठेच इथेच लागते.

सेटिंग: इशाऱ्याकडून नकाराकडे

सेटिंगच्या बाबतीत सगळ्यांत बोलका प्रवास इलॅस्टिकसर्च या शोध-सर्व्हरचा आहे. आधीच्या आवृत्त्यांत चुकीच्या सेटिंगबद्दल लॉगमध्ये इशारे लिहिले जात. लोक ते पाहत नसत आणि पुढे डेटा गमावल्याच्या तक्रारी येत. ऑक्टोबर २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून निर्मात्यांनी धोरण बदलले. सर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनपुरता ऐकत असेल, तर तो शिकणाऱ्याचा आहे असे धरून इशारा द्यायचा. नेटवर्कवरच्या पत्त्यावर ऐकू लागला, की तो खऱ्या कामाचा आहे असे धरून तेच इशारे नकार ठरवायचे. मेमरीच्या नकाशांची मर्यादा किमान २,६२,१४४ हवी, उघड्या फाइलींची मर्यादा ६५,५३५ हवी, हीपचा किमान आणि कमाल आकार सारखा हवा, अशा अटी पाळल्याशिवाय तो उठतच नाही. लिनक्समध्ये पहिली मर्यादा मुळात ६५,५३० असल्याने नवखा माणूस अनेकदा अडतो. पण तो पहिल्याच दिवशी अडतो, डेटा भरण्याआधी.

मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिसने उलट वाट धरली. मेमरीबाबतची लिनक्सची सेटिंग अयोग्य असली, तर तो सुरू होताना इशारा लिहितो आणि चालू लागतो. जिथे लॉग पाहणारे आहेत तिथे हे पुरते. जिथे नाहीत, तिथे मेमरी कमी पडून डिस्कवर साठवण अयशस्वी होते, तेव्हाच त्या ओळीची आठवण येते.

इशाऱ्याचे आयुष्य किती असते, हे जावाच्या एका जुन्या पर्यायावरून कळते. मेमरीचा ‘पर्मजेन’ नावाचा भाग २०१४ च्या जावा ८ मध्ये काढून टाकला गेला. त्याचा आकार सांगणारी सेटिंग दिली तर जावा ८ ‘दुर्लक्ष करत आहे’ असे सांगून पुढे जाई. हजारो सर्व्हरांच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ तशीच राहिली. सप्टेंबर २०२१ च्या जावा १७ ने ती ओळखायलाच नकार दिला आणि ते सर्व्हर उठेनासे झाले. सात वर्षे दर सुरुवातीला छापलेल्या इशाऱ्याने जे झाले नाही, ते एका नकाराने एका दिवसात झाले.

अनोळखी सेटिंगचे काय करायचे, यावर मतभेद आहेत. मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅश काढून टाकली गेली. कॉन्फिग फाइलीत तिची ओळ राहिली असेल, तर सर्व्हर ती अनोळखी ठरवून थांबतो. मात्र सेटिंगच्या आधी ‘लूज’ हा उपसर्ग लावला, तर तो इशाऱ्यावर भागवतो. जाणीवपूर्वक सूट घेण्याची ही चांगली सोय आहे. उलट, स्प्रिंग बूटसारख्या चौकटीत सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकले, तरी ती ओळ सहसा मुकाट्याने बाजूला पडते आणि मूळ मूल्य लागू होते. आपण मर्यादा वाढवली असे माणूस समजतो, सर्व्हर जुन्याच मर्यादेवर चाललेला असतो.

मराठीचा प्रश्न आणि घड्याळाचा

आतापर्यंतच्या तपासण्या जगभर सारख्याच लागतात. महाराष्ट्रातल्या सर्व्हरला आणखी दोन तपासण्या लागतात, आणि त्या तयार सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच असतात.

पहिली मजकुराची. डेटाबेस किंवा जोडणी लॅटिन लिपीच्या जुन्या संचावर ठरलेली असेल, तर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. सर्व्हर सुरू होतो, नोंद होते, पावती निघते, फक्त नाव गेलेले असते आणि ते परत येत नाही. जावाचे उदाहरण इथेही लागू आहे. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून फाइलींसाठी यूटीएफ-८ हे मूळ संकेतन झाले. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवरून ठरे. त्यामुळे तोच प्रोग्राम आणि तीच मराठी फाइल विंडोजवरच्या जावा ८ वर बिघडू शकते आणि जावा २१ वर नीट चालते. अंकांचेही तसेच. २०१७ पासून जावा भाषांची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर संचातून घेते आणि त्यात मराठीसाठी देवनागरी अंक मूळ धरलेले आहेत. पावतीवर ते शोभतात. पण तोच आकडा दुसऱ्या सर्व्हरला पाठवायच्या संदेशात गेला, तर पलीकडचा सर्व्हर तो आकडा मानेलच असे नाही.

क्रमवारीचा धोका याहून लपलेला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सची ग्लिबसी २.२८ ही मूळ लायब्ररी आली. तिने शब्दांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि नवी लायब्ररी नव्या क्रमाने शोधणारी. अशा वेळी तक्त्यात असलेले नाव शोधात सापडत नाही आणि एकच नोंद दोनदा शिरू शकते. २०२२ च्या पोस्टग्रेस १५ पासून अशी तफावत आढळली की जोडणी होताना इशारा मिळतो. नकार मिळत नाही, कारण प्रत्येक इंडेक्सला झळ पोचतेच असे नाही आणि साध्या अपडेटनंतर सगळे डेटाबेस बंद पडणे कोणाला परवडणारे नाही. युक्तिवाद बरोबर आहे. पण नावावरून खाते शोधणाऱ्या प्रत्येक कचेरीसाठी हा इशारा वाचला जाणे फार मोलाचे आहे.

दुसरी तपासणी घड्याळाची. कंटेनरमध्ये चालणारे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ५ तारखेच्या रात्री दोन वाजता गाडी भरली, तर अशा सर्व्हरच्या लेखी ४ तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दिवसा काम करणाऱ्या कचेरीला हे कधीच जाणवत नाही, मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात गाड्या भरणाऱ्या गोदामाला रोज जाणवते. ई-वे बिलाची मुदत तारखेने मोजली जाते. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालवाहतुकीला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गोदामाच्या नोंदीत आणि बिलावर एका दिवसाचा फरक पडला, तर नाशिक रस्त्यावर गाडी अडवल्यावर खुलासा ड्रायव्हरला करावा लागतो.

एकाहून जास्त सर्व्हर

एकटा सर्व्हर स्वतःशी जुळतो का, हे तपासणे सोपे. शेजारच्यांशी जुळतो का, हे अवघड. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल कंपनीने शेअर खरेदी-विक्रीचा नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायला घेतला, पण एकावर तो गेलाच नाही. नव्या कामासाठी जुनाच एक झेंडा, म्हणजे चालू-बंदची खूण, वापरला होता आणि मागे राहिलेल्या सर्व्हरवर त्या झेंड्याचा अर्थ वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड असा होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी तो प्रोग्राम कामाला लागला आणि पाऊण तासात कंपनीला सुमारे ४४ कोटी डॉलरचा फटका बसला. बाजार उघडण्याआधी त्या प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवून जुन्या कोडचा उल्लेख केला होता. त्या कोणी इशारा म्हणून वाचल्या नाहीत. बाजूच्या सातांची आवृत्ती विचारून न जुळल्यास थांबणारी एक तपासणी तिथे असती, तर आठवा सर्व्हर उठलाच नसता.

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या १९ जुलै २०२४ च्या प्रकरणात प्रोग्राम जुना आणि त्याला मिळालेली माहिती नवी होती. माहितीच्या साच्यात २१ रकाने होते, प्रोग्राम २० च मूल्ये देत होता. चालताना हा हिशोब कोणी तपासला नाही. सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. रकाने मोजून, न जुळल्यास ती फाइल नाकारून, आधीच्याच माहितीवर काम चालू ठेवणे एवढेच करायचे होते.

नकाराची किंमत

इथवर वाचून प्रत्येक बाबतीत नकारच बरा असे वाटेल. तसे नाही. पहाटे अडीचला गोदामाचा सर्व्हर नकार देऊन बसला, तर गाड्या रांगेत उभ्या राहतात आणि ज्याने सहा महिन्यांपूर्वी अपडेट केले तो फोन उचलत नाही. असा अनुभव एकदा आला की माणूस अपडेट करणेच सोडतो, आणि ते त्याहून घातक.

यावर उपाय म्हणजे तीच तपासणी आधी करता येणे. एनजिनएक्समध्ये सर्व्हर न थांबवता कॉन्फिग फाइल तपासण्याची सोय कित्येक वर्षे आहे. मायएसक्यूएलने ८.०.१६ मध्ये तशी सोय दिली आणि अपग्रेडआधी जुना डेटाबेस तपासणारे साधनही दिले. बदल करणारा जागेवर असतानाच नकार मिळाला, तर त्याची किंमत पाच मिनिटे असते. तोच नकार विजेच्या हाती सोपवला, तर एक रात्र.

आणखी एक अडचण स्वयंचलित पुनःसुरुवातीची. सर्व्हर पडला की त्याला लगेच उठवण्याचे काम लिनक्समध्ये सिस्टिमडी करते. सेटिंग चुकल्यामुळे थांबलेला सर्व्हर तिने पुनःपुन्हा उठवला, तर लॉग त्याच ओळीने भरतो आणि मूळ कारण दिसेनासे होते. युनिक्सच्या जुन्या परंपरेत सेटिंगच्या चुकीसाठी ७८ हा बाहेर पडण्याचा आकडा ठरलेला आहे. प्रोग्रामने तो द्यावा आणि ‘७८ मिळाला तर पुन्हा उठवू नकोस’ असे सिस्टिमडीला सांगून ठेवावे. हे थोडेच लोक करतात.

कुठे थांबावे, कुठे बोलावे

भिवंडीत ज्याने माग पाहिला आहे त्याला हा भेद चटकन कळेल. आडवा धागा तुटला की साधा यंत्रमागही आपोआप थांबतो. उभा धागा तुटल्यावर मात्र अनेक साध्या मागांवर विणकराची नजरच लागते. नजर चुकली तर माग चालतच राहतो आणि तागाभर दोष उतरतो. सर्व्हरच्या तपासण्याही अशाच वाटून घ्याव्यात.

नुकसान मुके असेल, तिथे नकार. डेटाची आवृत्ती, मजकुराचे संकेतन, वेळेचा पट्टा, बाजूच्या सर्व्हरांची आवृत्ती यांत चूक झाली तर कोणी ओरडत नाही आणि महिन्याने कळते तेव्हा मागे जायला वाट नसते. नुकसान बोलके असेल, म्हणजे चूक लगेच दिसून दुरुस्त होणार असेल, तिथे इशारा पुरे. मंद गती किंवा जुनी पण चालणारी सेटिंग यांसाठी कोणाचा धंदा थांबवू नये. जिथे नकार परवडत नाही आणि नुकसानही मुके आहे, तिथे इशारा लॉगमध्ये न लिहिता वापरणाऱ्याच्या पडद्यावर आणावा.

नकार देताना काय सापडले, काय हवे होते, कोणत्या फाइलीत बदलायचे आणि तोवर जुन्या आवृत्तीवर परत कसे जायचे, हे चार ओळींत सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्या चार ओळी मराठीत लिहाव्यात, कारण त्या वाचणारा बहुधा संगणक अभियंता नसतो, रात्रपाळीचा सुपरवायझर असतो. आणि मराठी संकेतन, देवनागरी अंक, भारतीय वेळ या तीन तपासण्या त्यांनी स्वतःच सुरुवातीला घालाव्यात. एक मराठी शब्द लिहून परत वाचायचा, एक आकडा छापून पाहायचा, घड्याळाचा पट्टा विचारायचा. हे काम दहा-वीस ओळींचे आहे. परदेशातून येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते कोणी आपल्यासाठी घालून देणार नाही.